दुसरा घोडा

जनरेटरच्या खोलीची किल्ली चेअरमन नानांनी मुठीत आवळून धरली होती. वीज गेलेली, वाऱ्याने मच्छीमार सोसायटीचे पत्रे थडथडत होते आणि दिगंबरचा धाकटा भाऊ बोट घेऊन वादळाच्या तोंडी चालला होता. त्याला परत फिरवायचं तर वायरलेस सुरू व्हायला हवा होता.

"वायरलेसच्या पाटीवर चव्वेचाळीस लिहिलंय, सर. आपल्या जनरेटरचं इंजिन एका घोड्याच्या ताकदीचं. जळून जाईल ते!" नानांनी दिगंबरला बजावलं.

"नाना, ते चव्वेचाळीस डीबीएम आहेत, ताकद मोजायचे डेसिबल; घोडे नाहीत. त्या मापात आपला एक घोडाच एकोणसाठ भरतो. उरेल, नाना!" पॉलिटेक्निकात हा धडा दिगंबर दरवर्षी शिकवायचा, इतक्या काकुळतीने कधी शिकवला नव्हता.

"असं? मग दोन घोडे किती?"

"बासष्ट."

"एकोणसाठ दुणे एकशे अठरा होतात, सर. दुसरा घोडा काय लंगडा होता?" किल्ली खिशात गेली. "माझ्या सोसायटीचं इंजिन मी अशा हिशोबावर लावू?"

या मापात दुप्पट म्हणजे फक्त तीनची भर, हा लॉगॅरिदम समजावायला दिगंबरने तोंड उघडलं. तेवढ्यात डोक्यावरचा एक पत्रा उडून गेला.

"एकशे अठरा," तो हात जोडून म्हणाला. "माझंच चुकलं, नाना."

किल्ली बाहेर आली.

वायरलेसवर तो भावाला हाका मारत राहिला. बऱ्याच वेळाने खरखरीतून आवाज आला, "ऐकलं, दादा. वळतोय." दिगंबरने माईक खाली ठेवला.

नानांनी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, पाढे पाठ असले की वेळेला उपयोगी पडतात."