कॉन्टेसाची मुदत

बॉनेटवर झेंडूचा हार चढला होता, समोर पाटावर पाने-पकडींना हळदकुंकू लागलं होतं, नारळ तेवढा फुटायचा राहिला होता. किल्ली फिरवायच्या आधी एकदा बघावं म्हणून रुचितानं एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली.

आत खारीचं घरटं होतं. काथ्या, कापूस आणि आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या. त्यात तीन पिल्लं, बोटाच्या पेरांएवढी, डोळेसुद्धा न उघडलेली. हवा घेणारी नळी अजून जोडायची होती, त्या उघड्या तोंडातनं बाईसाहेबांनी आपला संसार आत आणला होता.

"झालं का न्हाय?" शेडाबाहेरून वडिलांचा, अण्णासोंचा आवाज आला. "गणपतराव टोचनाची साखळी घेऊन कवाधरनं थांबल्यात."

गणपतराव भंगारवाले. मुदत घातली होती अण्णासोंनी, पाडव्याच्या जेवणावर, सगळ्यांसमोर. "खंडेनवमीला चालू झाली तर ठेव. न्हाईतर गणपतराव ओढून नेतील." आणि अण्णासोंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अख्खी मंगळवार पेठ हे जाणून होती.

कॉन्टेसा त्यांनीच घेतलेली, ब्याण्णव साली. लांब नाकाची, काळी, रुंद छातीची. गुळाच्या सौद्याला ती घेऊन निघाले की लोक दुकानातनं बाहेर येऊन बघायचे. मग एका हंगामात ती बिद्रीच्या रस्त्यावर बंद पडली, ती पडलीच. मागं उसाच्या गाड्यांची रांग लागली. शेवटी एका गाडीवानानं बैल सोडून कॉन्टेसाला जुंपले आणि अण्णासोंना स्टेअरिंगवर बसवून कारखान्यापर्यंत ओढत नेलं. "वाघ आणला आणि बैलांनी ओढला," पेठ वर्षभर हसली. अण्णासोंनी गाडी मागच्या पत्र्याच्या शेडात लावली, वर ताडपत्री टाकली आणि पुन्हा तिकडं तोंड केलं नाही. याला सतरा वर्षं झाली.

रुचिता शिरोलीच्या एका फाउंड्रीत इंजिनिअर. दोन वर्षं तिनं सगळ्या संध्याकाळी आणि सगळे रविवार या शेडात घातले. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. दमलेलं इंजिन काढून मोठं बसवलं, त्याच्या बैठका उद्यमनगरातनं करून आणल्या. पुढं डिस्क ब्रेक घातले. दोन वर्षांत अण्णासो एकदाही आत डोकावले नाहीत. याचं तिला फार वाईट वाटायचं. उलट आईच यायची, आणि सीटखाली शेंगांची टरफलं टाकून जायची. "आई, गाडीत बसून शेंगा खात जाऊ नको," म्हणून ती परवाच ओरडली होती. "मी न्हाय गं बाई. तिचं दार तरी उघडतंय व्हय मला?" आक्काताई म्हणाल्या होत्या. रुचिताला ते काही खरं वाटलं नव्हतं.

आता पत्र्याच्या आढ्यावर खार शेपटी उभारून चिरकत होती. घरटं उचलून शेवग्याच्या बेचक्यात ठेवायला पाच मिनिटं पुरे होती. कुणी बघितलंही नसतं. रुचितानं हात आत घातला. चिंध्या ऊबदार होत्या, बोटाखाली काहीतरी धडधडत होतं. पाणी गाळून पिणाऱ्या जैन घरात वाढलेला हात तो. तो आपसूक मागं आला.

तिनं झाकण हलकेच ठेवलं, बाहेर आली आणि किल्ली वडिलांच्या हातात दिली.

"मी न्हाय चालू करत, अण्णा. आत खारीची पिल्लं हाईत. शब्द तुमचा खरा, गाडी द्या गणपतरावांना. पर दिवाळी होऊ दे, मग न्या म्हणावं."

दोन वर्षांचं काम हातातनं चाललं होतं आणि तेही शेंगदाण्याएवढ्या जिवांपायी.

अण्णासोंनी किल्ली बंडीच्या खिशात टाकली. मग वळून म्हणाले, "गणपतराव, च्या घ्या आनि जावा. लेकुरवाळीला घराभाईर काढायची रीत न्हाय आमच्यात."

"आनि शब्दाचं वो?" गणपतरावांनी साखळी गुंडाळत खवचटपणे विचारलं.

"शब्द गाडीचा दिलता. खारीचा कुठं दिलता?"

आक्काताई पदरात हसल्या. अण्णासो सरळ शेडात शिरले. रुचिता मागोमाग गेली, वडिलांना आत यायला सतरा वर्षं लागली म्हणून डोळे पुशीत. अण्णासोंनी बंडीच्या खिशातनं मूठभर शेंगा काढल्या आणि मडगार्डवर ठेवल्या. खार तरातरा खाली उतरली. लाजली नाही, भ्याली नाही, त्यांच्या बोटांजवळची शेंग उचलून तिथंच बसून सोलायला लागली.

रुचिता त्या टरफलांकडं बघतच राहिली.

अण्णासोंनी ड्रायव्हरचं दार आधी जरासं वर उचललं, मग ओढलं. ते तसंच उघडायचं, आणि हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही अशी तिची समजूत होती. ते आत बसले, स्टेअरिंगवर हात ठेवला आणि तिच्याकडं न बघताच म्हणाले,

"पिल्लं हिंडाय-फिराय लागली की चालू कर, घाई न्हाय. पर त्यो क्लच तेवढा हलका कर बघू. रोज दुपारी दाबून दाबून गुडघा धरलाय माझा."