बाईंचे कान

“भांडी आदळल्यासारखं ऐकू येतंय. काढ गं हे!” गाण्याच्या बाई कानातलं यंत्र उपसतच म्हणाल्या.

श्रवणतज्ज्ञ मॅडम हसल्या. “बाई, हे बोलणं ऐकण्यासाठी जुळवलंय. गाण्यासाठी वेगळं जुळवावं लागेल. जरा दम धरा.”

“सोमवारी संचालक मंडळ माझी परीक्षा घेणार. बहिरी बाई गाणं काय शिकवणार, म्हणतात! उभा जन्म त्या संगीतशाळेत काढलाय मी. अशी सहजासहजी हलते की काय!”

मॅडमनाही चेव चढला. रोज इतर पेशंट गेले की त्या संगणकावर यंत्राचे आवाज वरखाली करत आणि बाई गाऊन बघत.

“अजून चिरकतंय.”

“आता?”

“आता घसा बसल्यासारखं.”

एकदा बाई वरच्या सुरावर पोचल्या आणि तिथेच थबकल्या. डोळे भरून आले. “हा हरवला होता गं माझा,” त्या पुटपुटल्या. मॅडमचा सगळा शीण तिथेच उतरला.

सोमवारी बाईंनी मॅडमनाही सोबत ओढून नेलं. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, “मुलींकडे पाठ करून बसा. त्या गातील. बेसूर कोण, ते सांगा.”

बाई वळून बसल्या. पहिली ओळ संपायच्या आत त्यांचा हात वर गेला. “ती कुरळ्या केसांची. गोड गळा आहे, मुद्दाम उतरतेय. आणि अध्यक्ष, मागे कुजबुजताय तेही ऐकू येतंय मला.”

मुली फिसकन हसल्या. अध्यक्ष खाकरले. “मानलं, बाई. कानात यंत्र असलं म्हणून शिकवायचं काही अडत नाही. जागा तुमचीच.”

“मोठ्यानं बोला. मुलींनाही कळू दे.”

त्यांनी तेच मोठ्यानं म्हटलं. मॅडमना टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

बाई उठल्या आणि दार उघडून एका तरुणीला हाताला धरून आत घेऊन आल्या. तिच्या दोन्ही कानांमागे यंत्रं होती. मॅडम बघतच राहिल्या. ही चिमुरडी होती तेव्हा तिला पहिलं यंत्र त्यांनीच बसवलं होतं.

“जागा मला नकोच आहे. मी आजच निवृत्त होतेय,” बाई म्हणाल्या. “गेल्या वर्षी ही इथे शिकवायची नोकरी मागायला आली होती. कानातली यंत्रं बघून, गाणं न ऐकताच तुम्ही हिला दारातून परत धाडलंत. आता सांगा, काय अडतंय?”