सत्तावीस नंबरचा माणूस

सत्तावीस नंबर मेला नव्हता. त्याच्या जिवावरच औषध पास झालं होतं.

औषधाच्या चाचणीचे आकडे तपासणाऱ्या आकडेमास्तरनं सॉफ्टवेअरमध्ये त्याची ओळ निवडली, गाळली आणि पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर छोटं चाक फिरलं. औषध नापास. ओळ परत टाकली. औषध काठावर पास. असं त्यानं चार वेळा केलं. पाचव्यांदा पडद्यावर चौकट आली : ‘तुम्हाला नक्की हेच करायचं आहे का?’ त्या ऑफिसात इतक्या आपुलकीनं त्याला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं.

एकूण साठ पेशंट. तिसांना खरं औषध, तिसांना तसंच दिसणारं, तितकंच कडू पाणी. कोणाच्या बाटलीत काय, हे पेशंटला माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. दोन्हीकडची माणसं जवळजवळ सारख्याच शिस्तीत गेली. फक्त औषधाच्या बाजूचा सत्तावीस नंबर, एक निवृत्त शिंपी, तीन वर्षं झाली तरी जायचं नाव घेईना.

मास्तरच्या आत्याला तोच आजार होता. आईवडिलांमागे तिनंच त्याला वाढवलेलं. या आजारावर दुसरं औषध नव्हतं. निकाल लागल्या लागल्या मोठ्या डॉक्टरांनी खास परवानगी काढून तिच्यासाठी पहिली बाटली मंजूर केली होती. म्हणूनच मास्तरला खात्री करून घ्यायची होती. त्यानं शिंप्याला बोलावलं.

लिफ्ट बंद होती. शिंपी तीन जिने चढून आला आणि दम न लागता म्हणाला, “बोला.”

“काका, औषध वेळेवर घेत होतात ना?”

“कुठलं?”

“बाटलीतलं. आमचं.”

शिंपी खुर्चीत पुढे सरकला. आवाज बारीक केला. “घरी सांगू नका हं. पहिला चमचा घेतला आणि जीव नकोसा झाला. तेव्हापासून बेसिनमध्ये.”

“तीन वर्षं?”

“सकाळ-संध्याकाळ. एक दिवस चुकवला नाही.”

“अहो, पण डायरीत रोज बरोबरची खूण आहे!”

“डॉक्टर किती आशेनं बघायचे हो माझ्याकडे. चेहरा पडला असता बिचाऱ्यांचा.”

मास्तर तडक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. चहाही संपवला.

“ज्याला ज्या गटात टाकलं, त्याला त्याच गटात मोजायचं,” ते म्हणाले. “औषध घेतलं, नाही घेतलं, मांजराला पाजलं, तरी. हा नियम मला कोणी शिकवला?”

“मी, सर.”

“मग?”

नियम चांगलाच होता. तो नसता तर लोकांनी नको ते पेशंट गाळून हवं ते सिद्ध केलं असतं. मास्तरनं या नियमावर दोन तास व्याख्यान दिलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

“पण सर, औषधानं काही होत नाही.”

“निकालाप्रमाणे होतं,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनाच थोडं वाईट वाटलं असावं. “तळटीप टाकू या. बारीक अक्षरात.”

मास्तर घरी पोचला तेव्हा बाटली टेबलावर होती. दुपारीच दवाखान्याचा माणूस देऊन गेला होता. आत्या केस विंचरून, ठेवणीतली शाल पांघरून तिच्यासमोर बसली होती. बाटली जणू स्थळ बघायला आली होती.

“या आकडेमास्तर! पहिला चमचा तुझ्या हातचा घ्यायचा म्हणून दुपारपासून थांबलेय. ही बया नुसती बघत बसलीये माझ्याकडे.”

त्यानं झाकण उघडलं. चमचा भरला.

आत्यानं चमचा घेतला, तोंडाजवळ नेला आणि थांबली. “काय रे, लागू पडेल ना?”

बसमध्ये त्यानं तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. तिन्ही खरी होती.

“शंभर टक्के,” तो म्हणाला.

आत्यानं चमच्यातलं औषध परत बाटलीत ओतलं, एक थेंब न सांडता. झाकण घट्ट लावलं.

“गॅस बंद केलास का विचारलं तरी पंचाण्णव टक्के म्हणणारा तू,” ती म्हणाली. “चल, आता खरं सांग. किती दिवस आहेत माझे?”