आंबटगोड बरगड्या

न कळवता वसईला माहेरी आलेली ब्लँडिना स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. आई गेल्यापासून डब्यावर जगणारे पप्पा ओव्हनमधून ट्रे बाहेर काढत होते. वरची फॉइल सोडवून त्यांनी पोर्कच्या बरगड्यांवर गूळ, व्हिनेगर आणि मिरचीचा दाट पाक ब्रशने फिरवला, अगदी सराईत हाताने.

"कोणी शिकवलं?"

"मोबाईलवर बघितलं," मान वर न करता ते म्हणाले.

ज्यांना साधा व्हिडिओ कॉल उचलता येत नाही, ते पाककृती शोधणार? तिनं भोवती नजर फिरवली. खिडकीला नवे पडदे होते. मसाल्याचे डबे पुसून लावलेले होते. पाक चकाकावा म्हणून ट्रे पुन्हा आत गेला, तो बाहेर येईपर्यंत तिनं दोन ताटं मांडली.

तिनं पहिला घास घेतला. मांस हाडावरून अलगद सुटलं. आईचं पोर्क झणझणीत असायचं. ही आंबटगोड चव या घरातली नव्हती.

"पप्पा, कोण येतं इथे?"

ते उगाच बोटं पुसत राहिले. "रेजिना. चर्चमध्ये गाते. तिचाही नवरा गेलाय. तुला कसं सांगावं, कळत नव्हतं."

ब्लँडिनाला राग आला. पण आई गेल्यावर आत गेलेले पप्पांचे गाल आता भरले होते, आणि ती काय म्हणेल या धास्तीनं त्यांनी अजून घासही घेतला नव्हता.

"एवढं आपल्या दोघांना संपणार नाही," ती म्हणाली. "त्यांना बोलवा."