पाटलीणबाईंचे संवाद

“अजून जरा काळं लाव,” सर म्हणाले आणि भाग्यश्रीनं कोळशाची पूड प्राचीच्या दुसऱ्या गालालाही फासली. फासताना तिनं मैत्रिणीच्या डोळ्यांत बघायचं टाळलं.

दौंडच्या कॉलेजात स्नेहसंमेलनाची तालीम चालली होती. मराठीच्या सरांचा दलित आत्मकथनांवर फार जीव. वर्गात उतारे वाचताना ते मधेच थांबून डोळे पुसायचे. यंदा अशाच एका पुस्तकातला प्रसंग त्यांनी बसवायला घेतला होता. म्हातारी पाटलाच्या दारात भाकरीला येते, पाटलीण वरून तुकडा टाकते, एवढाच. म्हातारीच्या भूमिकेसाठी त्यांनी कुणाकडून वाचूनसुद्धा घेतलं नाही, सरळ प्राचीकडं बोट दाखवलं. नाही म्हणावं, तर अंतर्गत गुण सरांच्याच हातात.

प्राची केडगावहून रोज गाडीनं यायची. वडील रेल्वेत, आई अंगणवाडीत. दारोदार फिरणं तिनं फक्त वाचलं होतं. भोगलं होतं ते तिच्या आजीनं, रंभाबाईनं. पण आजी ते सांगताना कधी रडली नाही. “मागितली न्हाई पोरी कवा,” एवढंच म्हणायची, “गावाचं काम केल्यालं, त्याची व्हती ती भाकर.”

“सर, ही म्हातारी भीक मागत नाही,” प्राची म्हणाली. “तिच्या कामाचं न्यायला आलीय. ताठ उभी राहिली तर?”

“ते राहू दे. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला पाहिजे,” सर म्हणाले. “खाली वाक. अजून. आवाज रडका काढ, नाक ओढ. खरं तर तुला शिकवायलाच नको, तुमच्या रक्तातच असतं हे.”

मागं कुणीतरी फिसकन हसलं. सर मात्र हसत नव्हते, ते अगदी कौतुकानं बोलत होते.  त्यांनी शिवी दिली असती तर प्राचीला उत्तर देता आलं असतं. काळं फासलेल्या तोंडानं ती पायरीखाली ओणवी बसली आणि स्वतःच्याच आवाजातलं रडं ऐकून तिला शिसारी आली.

वर पाटलीण झालेली भाग्यश्री भाकरीचा तुकडा धरून नुसतीच उभी होती.

“टाक की,” सर ओरडले.

“मला नाही जमत, सर. हिच्या अंगावर कसं टाकू?”

प्राची उठली. ओढणीनं तिनं दोन्ही गाल खसखसून पुसले. “सर, पाटलीण मी करून दाखवू?”

सर हसले. “तुला कुठून जमणार? ती ऐट अंगातच असावी लागते.”

“बघा तरी.”

तिनं भाग्यश्रीला खाली बसवलं आणि स्वतः पायरीवर चढली. भाकरी घेतलीच नाही. गोड हसली, मान जराशी कलती केली आणि मऊ आवाजात बोलू लागली.

“ये गं बाळ, बस ना. आमच्यात तसलं काही मानत नाहीत हो. फक्त आत देवापाशी नको जाऊस, सासूबाईंना चालत नाही. आणि जाताना तुझा कप तेवढा तूच विसळून ठेव हं. वाईट नको वाटून घेऊ.”

भाग्यश्रीची मान खाली गेली. 

सरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हातातल्या पुस्तकाची पानं मागंपुढं केली. “अगं, पण यात तिरस्कार कुठंय? पाटलीण अशी बोलते का कधी? ही कुठल्या पुस्तकातली वाक्यं?”

“पुस्तकातली नाहीत, सर,” प्राची पायरी उतरत म्हणाली. “दिवाळीच्या फराळाला आम्ही मुली तुमच्या घरी आलो होतो, तेव्हा मॅडम माझ्याशी बोलल्या ती. तुम्ही तिथंच खुर्चीत बसला होता, हेच पुस्तक वाचत.”