लाड बाजारातली ओटी

चारमिनारसमोर उभं राहूनही शिवकांतानं चारमिनार बघितला नव्हता. बाकीच्या बाया माना वर करून मिनार बघत होत्या आणि ही पलीकडच्या लाड बाजाराच्या गर्दीत एक तोंड शोधत होती. निलंग्याच्या बचत गटातल्या या पाच-सहा बाया क्रूझर करून एका दिवसाचं हैदराबाद बघायला आल्या होत्या. सकाळी गोवळकोंडा झाला, मग म्युझियम झालं. शिवकांताला यातलं काहीच बघायचं नव्हतं. ती आली होती लेकीला बघायला.

वर्षाराणी मनानं लग्न करून हैदराबादला आली, तेव्हा तिच्या बापानं मुखेडकडचं शेत बटईनं लावलं आणि निलंग्यात बिऱ्हाड केलं. नव्या गल्लीत त्यानं सांगितलं, एक पोरगा आहे. लेक होती, ती तापात गेली. शिवकांतानंही मान हलवली. एकदा हलवलेली मान माघारी घेता येत नाही.

आता वर्षाराणीला सातवा महिना होता. चोरून केलेल्या फोनवर मायलेकींचं ठरलं होतं. बांगड्यांच्या पहिल्या दुकानात दोघींनी अनोळखी म्हणून शेजारी बसायचं आणि शिवकांतानं गुपचूप ओटी भरायची. खण, नारळ, मूठभर गहू पिशवीत होते. पण गटातल्या थोरल्या शिवम्माचा नियम होता, परक्या शहरात एकटीला सोडायचं नाही. शिवकांता दुकानाकडे वळली तशा सगळ्याच तिच्या मागं आल्या.

वर्षाराणी आधीच येऊन बसली होती. हाडाची काडं झालेली, पोट तेवढं पुढं. बांगडीवाला तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होता. शिवकांता शेजारच्या स्टुलावर टेकली. दोघींचे गुडघे एकमेकींना लागले, ते कुणीच मागं घेतले नाहीत.

शिवम्माची नजर मुलीच्या पोटाकडे गेली. मराठी येतं म्हटल्यावर तिनं चौकशी केली. माहेर नाही, असं मुलगी म्हणाली. शिवम्मा कळवळली. बाई मायाळू होती, तेच वाईट झालं. आपण एवढ्या बाया असताना पोरीनं मोकळ्या ओटीनं जाऊ नये, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. शिवकांताचा जीव भांड्यात पडला. सगळ्यांदेखत भरता येणार होतं. तिनं घाईघाईनं खण-नारळ काढला, कुंकवाची पुडी सोडली.

शिवम्मानं तिचं मनगट धरलं. "तू नको, शिवकांता. लेक गेलेल्या बाईनं दिवसातल्या बाईची ओटी भरू नये."

आवाजात राग नव्हता, उलट समजूतच होती. तिनं खण, नारळ, गहू सगळं काढून घेतलं, मुलीला कुंकू लावलं आणि ओटी भरली. शिवकांता रिकामी पिशवी धरून उभी राहिली. ओरडून सांगावं, ही माझी आहे, जिवंत आहे, असं तिला फार वाटलं. पण इथं सांगितलेलं रात्री निलंग्यात पोचलं असतं आणि तिला नवऱ्याच्या त्याच घरात जायचं होतं. तिनं पिशवीची घडी घातली. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

वर्षाराणी पदरातला नारळ धरून आईकडे बघत होती. गावाच्या लेखी आपण मेलो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. यांची लेक कधी गेली, असं तिनं शिवम्माला विचारलं. झाली चार वर्षं, शिवम्मा हळू आवाजात म्हणाली, असती तर तुझ्याएवढीच असती.

मुलगी उठली. रिवाजाप्रमाणे एकेकीच्या पाया पडत शेवटी शिवकांतापाशी आली. वाकली नाही.

"शेवटी तिच्यापाशी कोण होतं, मावशी?"

शिवकांताला वर बघवेना.

"कुणीच नव्हतं, माय," ती म्हणाली.