सगळ्या अंबाजीचा गूळ

मंडपात टांगलेल्या मोठ्या तराजूचं पारडं दोघांनी दाबून धरलं आणि अंबाजी मांडी घालून त्यात बसला. त्यांनी हात सोडले, तसा तो भर्रकन वर गेला आणि तिथंच लोंबकळत राहिला. चिंताकीच्या मारुतीसमोर जमलेलं गाव खदखदून हसलं. हसली नाही ती एकटी कलाबाई, त्याची आई.

समोरच्या पारड्यात गुळाच्या दहा-दहा किलोच्या तेरा ढेपा होत्या. दोन वर्षांपूर्वी अंबाजी वजन कमी करायच्या ऑपरेशनला हैदराबादला गेला, तेव्हा कलाबाई नवस बोलली होती : लेक धडधाकट परत येऊ दे, त्याच्या भारोभार गूळ वाहीन. तेव्हा तो एकशे तीस किलोचा होता. आता ऐंशीच्या आत आला होता.

पुजाऱ्यानं वरची ढेप उचलली.

"अप्पा, ठिवा ती खाली!" कलाबाई कडाडली. "कामून काढायलाव? नवस म्या सगळ्या अंबाजीचा बोललेली."

"अक्का, माणूस आज जेवढा, तेवढाच गूळ."

"मग बाकीचं लेकरू कुठं गेलं माजं?" बोलता बोलता तिला रडू फुटलं. "चतकोर भाकरीत उठतंय. गाव इचारतंय, कसला रोग लागलाय म्हणून."

अंबाजीला वाईट वाटलं, पण डगमगायचं त्याला काही कारण नव्हतं. या गड्याला दहा वर्षं मांडी घालता आली नव्हती. पंगतीत त्याच्यासाठी वेगळी खुर्ची यायची आणि तो मान खाली घालून जेवायचा. आज तो सकाळी शेताला पाणी देऊन, देवळाच्या पायऱ्या कुठंही न थांबता चढून आला होता.

"माय, गेलं ते मी न्हवतोच," तो वरूनच म्हणाला. "धाप गेली, गुडघेदुखी गेली, बीपीची गोळी गेली. मी हितंच हाय की. ढेप काढायची न्हाई ना? मग तूच बस माज्यासंगं."

"मोडंल की रे ते!"

"तेरा ढेपा पेलायलंय, तुला न्हाई पेलायचं व्हय?"

माणसांनी पारडं खाली ओढलं. कलाबाईनं डोळे पुसले, पदर खोचला.

"सरक जरा."

"सरकायचं कामून? जागा हाय आता."

ती लेकाला खेटून बसली. हात सुटले. दोन्ही पारडी हलत हलत समोरासमोर आली. पाय जमिनीवरून सुटताच कलाबाईनं घाबरून लेकाला मिठी मारली. कितीतरी वर्षांनी तिचे दोन्ही हात त्याच्याभोवती पुरले.